कुळी वेगळी, आजी एकच : आनुवंशिक आजार घरात येतात कसे

लग्नसराई जवळ आली की खानापूर-निपाणीपासून बेळगावच्या वडगाव-शहापूरपर्यंत एक वाद घरोघरी ठरलेला. मुलगा कमावता झालेला, मामाची मुलगी लहानपणापासून डोळ्यांसमोरची, दोन्ही घरं राजी. तेवढ्यात शिकलेलं कुणीतरी म्हणतं, "नात्यात नको, डॉक्टर नको म्हणतात." त्यावर थोरल्यांचं उत्तर तयार असतं : "कुळी वेगळी हाय, देवक वेगळं हाय, मग अडचण काय?" शिकलेल्याला पुढे नीट सांगता येत नाही, आणि विषय तिथंच संपतो.

त्यात आता बातम्यांमधून नवे शब्द यायला लागलेत. 1 जुलै 2023 रोजी केंद्र सरकारनं सिकलसेल (रक्तातल्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार) निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तेव्हापासून 'वाहक', 'जनुकीय समुपदेशन' हे शब्द पेपरात येतात, आणि आपल्या घराशी त्यांचा काय संबंध हे कळत नाही. थोरल्यांचं उत्तर नेमकं कुठं चुकतं आणि डॉक्टरांची भीती कुठं वाढवून सांगितली जाते, हे दोन्ही समजून घ्यायचं तर थोडं मुळापासून बघावं लागेल.

प्रत्येक सूचनेच्या दोन प्रती

शरीर कसं घडवायचं आणि कसं चालवायचं, याच्या सूचना प्रत्येक पेशीत असतात. एका कामाच्या सूचनेला जनुक म्हणतात. माणसात प्रथिनं बनवणारी अशी साधारण 20,000 जनुकं आहेत. ती 46 धाग्यांवर बसलेली असतात, त्या धाग्यांना गुणसूत्रं म्हणायचं. हे धागे 23 जोड्यांत असतात आणि प्रत्येक जोडीतला एक आईकडून, एक वडिलांकडून येतो. म्हणजे जवळजवळ प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती. मूल होताना आई तिच्या दोनातली एक देते, वडील त्यांच्या दोनातली एक देतात. कुठली द्यायची हे कुणाच्या हातात नसतं.

हा हिशोब ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूनं वाटाण्याची रोपं लावून मांडला आणि 1866 मध्ये छापला. त्याच्या हयातीत फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

आता शेतातली विहीर डोळ्यांसमोर आणा. तिच्यावर दोन मोटारी बसवलेल्या आहेत. एक जळाली तरी दुसरी पाणी उपसते, ऊस वाळत नाही. मालकाला वर्षानुवर्षं कळतसुद्धा नाही की एक मोटार बंद आहे. जनुकाची एक प्रत बिघडलेली आणि दुसरी चांगली असेल तर बहुतेक वेळा असंच होतं. असा माणूस धडधाकट असतो, फक्त बिघडलेली प्रत पुढच्या पिढीला देऊ शकतो. त्याला वाहक म्हणतात. तुम्ही, मी, गावातला पैलवान, प्रत्येकजण अशा कुठल्या ना कुठल्या काही जनुकांचा वाहक असतोच.

दोन्ही मोटारी जळाल्या तर?

नवरा-बायको दोघं एकाच जनुकाचे वाहक असले तर खरी अडचण. प्रत्येक बाळंतपणात चार शक्यता असतात : दोघांकडून चांगली प्रत आली तर मूल पूर्ण निरोगी, एक चांगली, एक बिघडलेली हे दोन प्रकारे होऊ शकतं, तेव्हा मूल आईबापांसारखंच वाहक, आणि दोघांकडून बिघडलेली आली तर मूल आजारी. म्हणजे आजाराची शक्यता 25 टक्के. 'पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन चांगली होणार' असं इथं नसतं. प्रत्येक वेळी तेच 25 टक्के, नव्यानं.

बीटा थॅलेसेमिया हे आपल्याकडचं ठळक उदाहरण. रक्तातलं हिमोग्लोबिन बनवणारं जनुक बिघडलेलं असतं. भारतात साधारण 3 ते 4 टक्के लोक याचे वाहक आहेत, काही समाजांत त्याहून जास्त. दोन्ही प्रती बिघडलेलं बाळ जन्मतः ठीक दिसतं, कारण गर्भातलं हिमोग्लोबिन वेगळं असतं आणि ते काही महिने पुरतं. मग बाळ पांढरं पडायला लागतं, वजन धरत नाही, पाणथरी वाढून पोट फुगतं. पुढं दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि त्या रक्तातून साठणारं लोह हृदय-यकृत बिघडवू नये म्हणून रोजची औषधं. जुळणारं भावंड असेल तर अस्थिमज्जा प्रत्यारोपणानं आजार बरा होऊ शकतो, पण सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यताही चारात एकच.

वाहकाला यातलं काही होत नाही. फार तर रक्त जरा कमी दिसतं. गरोदरपणात एखादीला महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या देऊनही हिमोग्लोबिन हलत नाही, तेव्हा 'ही गोळ्या टाकून देते' असा ठपका तिच्यावर येतो. खरं कारण पुष्कळदा हे असू शकतं.

कुळीचा हिशोब एका बाजूचा

आता थोरल्यांच्या उत्तराकडे येऊ. आपली कुळी, आडनाव, देवक, गोत्र, सगळं बापाकडून चालत येतं. मामाची मुलगी मामाच्या कुळीची, भाचा त्याच्या बापाच्या कुळीचा. एकाचं देवक कळंब, दुसऱ्याचं पंचपालवी. त्या हिशोबानं दोघं परके. पण त्या भाच्याच्या आईचे आईबाप आणि त्या मुलीच्या वडिलांचे आईबाप एकच आहेत. दोघांची आजी एकच, आजोबा एकच. जनुकं आईकडून आणि बापाकडून सारखीच येतात, त्यामुळं कुळीच्या वहीत ज्या आजीचं नावच नाही, तिची बिघडलेली प्रत दोन्ही घरांत पोचलेली असू शकते.

याचं एक गमतीशीर टोक बघा. चुलत बहिणीशी लग्न म्हटलं की आपल्या अंगावर काटा येतो. मामेबहीण मात्र हक्काची. जनुकांच्या लेखी चुलत, मावस, आते, मामे या चौघी सारख्याच जवळच्या.

आकड्यांत मांडू. समजा, मुलगा एखाद्या जनुकाचा वाहक आहे. ती प्रत आईकडून आली असण्याची शक्यता निम्मी. आईकडची तीच प्रत तिच्या भावाकडे असण्याची शक्यता पुन्हा निम्मी. भावाकडून त्याच्या मुलीकडे जाण्याची आणखी निम्मी. निम्म्याचं निम्मं, त्याचं निम्मं, म्हणजे आठात एक. आता समजा हा आजार दुर्मीळ आहे आणि बाहेरच्या दोनशे माणसांत एकच वाहक सापडतो. बाहेरची मुलगी केली तर ती वाहक असण्याची शक्यता 200 त 1, मामाची केली तर निदान 8 त 1. पंचवीस पट फरक. मामानं सख्ख्या भाचीशी लग्न केलं, जे कर्नाटकात बऱ्याच समाजांत चालतं आणि आपल्या भागातही अनोळखी नाही, तर ही शक्यता चारात एक होते.

आजार जितका दुर्मीळ, तितका नात्यातल्या लग्नाचा फरक मोठा. म्हणूनच ज्यांची नावंसुद्धा कधी ऐकलेली नसतात असे चयापचयाचे, मेंदूचे, स्नायूंचे आजार नात्यातल्या जोडप्यांच्या मुलांत जास्त दिसतात. जन्मतः बहिरेपणाचंही तसंच. त्याची बरीचशी प्रकरणं जनुकीय असतात आणि त्यातली बहुतेक अशीच, दोन्ही प्रती बिघडल्यावर होणारी.

"आमच्यात तीन पिढ्या मामाच्याच मुली केल्या, काय झालं?"

हा आक्षेप खोटा नाही. कुठल्याही जोडप्याच्या शंभर बाळांत दोन-तीन बाळांना जन्मतः काहीतरी मोठा दोष असतो. मामेबहीण-आतेभाऊ अशा जोडप्यांत तो आकडा ढोबळपणे दुप्पट होतो, म्हणजे शंभरात चार ते सहा. उरलेली चौऱ्याण्णव-पंचाण्णव मुलं चांगलीच असतात. त्यामुळं एखाद्या घरात तीन पिढ्या काहीच झालं नाही, यात नवल नाही. 'नात्यात केलंस तर मूल अपंगच होणार' असं जे लोक दरडावून सांगतात, ते चूक सांगतात आणि आजीचा विश्वास गमावतात.

पण आजीच्या पिढीचा हिशोबही पुरता नसायचा. आठ बाळंतपणं, त्यातली पाच जगली. गेलेल्या तिघांबद्दल विचारलं तर उत्तर यायचं, दृष्ट लागली, झटके आले, दूध पचलं नाही. त्यातली किती जंतुसंसर्गानं गेली आणि किती अशा आजारानं, ते कुणी बघितलंच नव्हतं. आता लसी आणि औषधं आली, घरटी दोनच मुलं झाली, म्हणून उरलेले जनुकीय आजार उठून दिसायला लागले.

आणि एका घरात काही झालं नाही म्हणून जिल्ह्याचं चित्र बदलत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात नात्यातली लग्नं 11 टक्क्यांच्या आसपास होती, कर्नाटकात चारात एकाहून जास्त. इतक्या लग्नांवर शंभरात दोन-तीन बाळांची वाढ म्हणजे बालरोग विभागाबाहेरच्या बाकड्यावर रोज दिसणारी माणसं. कायद्याचंही सांगून टाकतो. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानुसार भाऊ-बहिणीच्या मुलांचं किंवा मामा-भाचीचं लग्न निषिद्ध नात्यात येतं, पण समाजाची तशी चालत आलेली रूढी असेल तर ते चालतं. आपल्याकडे ते त्या सवलतीवर चाललंय.

नात्याबाहेर केलं म्हणजे सुटलो का?

नाही. बेळगावची सोयरीक बघा. चंदगड, गडहिंग्लज, आजरा, खानापूर, निपाणी, याच पट्ट्यात, त्याच जातीत, त्याच दहा-वीस गावांत पिढ्यान्‌पिढ्या मुली दिल्या-घेतल्या जातात. राज्यांची हद्द 1956 मध्ये मधून गेली, सोयरिकीनं तिला जुमानलं नाही. कागदावर परके वाटणारे दोघं सहा-सात पिढ्या मागं एकाच घरातले निघू शकतात. म्हणून ज्यांचं नातं कुणालाच सांगता येत नाही, अशा जोडप्यालाही थॅलेसेमियाचं मूल होतं.

याची दुसरी बाजूही आहे. दोघंही जन्मतः बहिरे, आणि मुलं मात्र चांगली ऐकणारी, अशी जोडपी असतात. लोकांना चमत्कार वाटतो. एकाच्या या विहिरीवरच्या दोन्ही मोटारी जळालेल्या, दुसऱ्याच्या त्या विहिरीवरच्या. मुलाला दोन्ही विहिरींवर एकेक चालू मोटार मिळते. कारण बहिरेपण आणणारी जनुकं एक नाही, अनेक आहेत.

मुलगे आजारी, मुली बऱ्या

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, त्यामुळं भरतीची तयारी करणारी पोरं गल्लीगल्लीत दिसतात. पहाटे धावून छाती-उंची बसवलेला एखादा पोरगा वैद्यकीय तपासणीत डोळ्यांसमोर रंगीत ठिपक्यांचं पान आल्यावर अडकतो. शेजारच्याला त्या ठिपक्यांत 74 दिसतात, याला 21 दिसतात किंवा काहीच वाचता येत नाही. लाल-हिरवा फरक कळत नाही हे त्याला त्या दिवसापर्यंत माहीतच नसतं. घरी आल्यावर बाप म्हणतो, "आमच्यात कुणाला न्हाई." खरंच नसतं. ते आईच्या बाजूनं आलेलं असतं.

23 व्या जोडीत बायकांना दोन एक्स गुणसूत्रं असतात, पुरुषांना एक एक्स आणि एक वाय. एक्सवरच्या जनुकांच्या बाबतीत पुरुषाच्या विहिरीवर मोटार एकच. ती जळाली की संपलं. रंगांधळेपण, हिमोफिलिया म्हणजे रक्त न गोठण्याचा आजार, ड्युशेन नावाचा स्नायू झिजवणारा आजार, हे सगळे याच वाटेनं येतात. आई वाहक असेल तर प्रत्येक मुलगा आजारी असण्याची शक्यता निम्मी, प्रत्येक मुलगी वाहक असण्याची निम्मी. बाप हिमोफिलियाचा असेल तर त्याचा एकही मुलगा त्याच्याकडून आजार घेत नाही, कारण मुलाला बापाचं वाय जातं. मुली मात्र सगळ्या वाहक होतात.

म्हणून अशा घरात सुनेला दोष देण्याची पद्धत आहे. तिला तो एक्स तिच्या आईबापाकडून मिळाला, तिनं मागून घेतला नाही. शिवाय हिमोफिलियाच्या साधारण एकतृतीयांश रुग्णांच्या घरात आधी कुणालाच आजार नसतो. बदल नव्यानंच घडलेला असतो. आणि विषय निघालाच आहे म्हणून, मुलगी झाली यासाठी सुनेला बोलणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की एक्स द्यायचा की वाय हे बापाच्या बीजावर ठरतं. आईकडे द्यायला फक्त एक्सच असतो.

काही आजारांत मात्र एक प्रत बिघडली तरी पुरतं. जळालेली मोटार जणू ट्रान्सफॉर्मरच उडवते, मग दुसरी चांगली असून काय उपयोग? हंटिंग्टनसारखे मेंदूचे आजार असे. ते पिढी चुकवत नाहीत असं म्हणतात, आणि प्रत्येक मुलाला शक्यता निम्मी. आखूड हातापायांचा जो ठेंगूपणा दिसतो, तोही याच प्रकारचा, पण त्याची बहुसंख्य मुलं सामान्य उंचीच्या आईबापांच्या पोटी नव्या बदलानं जन्मतात.

रक्तगट एकच, नाड एकच

"दोघांचा बी पॉझिटिव्ह आहे, चालतंय का?" चालतं. नवरा-बायकोचा रक्तगट सारखा असल्यानं मुलाला काही होत नाही. बघायची गोष्ट एकच : आई निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह आहेत का. तसं असेल तर पुढच्या बाळंतपणात त्रास होऊ नये म्हणून डॉक्टर गरोदरपणात 28 व्या आठवड्याच्या सुमारास आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन देतात. त्यावर हा उपाय पक्का आहे, लग्न मोडण्याचं कारण नाही.

पत्रिकेतली एकनाड म्हणजेच रक्तदोष, असं हल्ली शास्त्राच्या भाषेत सांगितलं जातं. नाड नक्षत्रावरून ठरते, नक्षत्र जन्मवेळेवरून. सख्ख्या बहीण-भावांच्या नाडी वेगवेगळ्या असू शकतात. म्हणजे जनुकांनी सगळ्यांत जवळच्या दोघांना जी परीक्षा पास करते, ती जनुकांबद्दल काय सांगणार?

काही गोष्टी उगाच घराण्याच्या माथी मारल्या जातात. डाउन सिंड्रोममध्ये 21 व्या गुणसूत्राची एक जास्तीची प्रत असते. बहुतेक वेळा ती वारशानं आलेली नसते, आईच्या वयाबरोबर शक्यता वाढते, आणि नात्यातलं लग्न हे त्याचं कारण नाही. अंगावरचं कोड संसर्गानं पसरत नाही. कुटुंबात थोडा कल असू शकतो, पण कोड असलेल्याच्या बहुतेक नातेवाइकांना ते होत नाही. साखर, रक्तदाब, उंची यांच्यामागं शेकडो जनुकं आणि सोबत खाणंपिणं, कष्ट, वजन असतं. तिथं 25 टक्के-50 टक्के असा सरळ हिशोब लागत नाही.

मग तपासायचं काय?

सगळ्या जनुकांची तपासणी करून मग लग्न, असं कुणी सांगत नाही. थॅलेसेमिया आणि सिकलसेलसाठी साधी रक्ततपासणी असते. थॅलेसेमियासाठी आधी नेहमीचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. त्यात लाल पेशी आकारानं लहान दिसल्या तर हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी एचपीएलसी तपासणी. सिकलसेलचा वाहक सीबीसीत कळत नाही, त्याच्यासाठी थेट एचपीएलसी. हिमोग्लोबिन ए-टू साधारण 3.5 टक्क्यांच्या वर गेलं तर थॅलेसेमियाचा वाहक धरतात. लग्नाआधी, नाहीतर गरोदरपणाच्या पहिल्या भेटीतच करून घ्यावी. आधी एकाची करा. तो वाहक नसेल तर दुसऱ्याच्या निकालानं मुलाला आजार व्हायची भीती जवळपास राहत नाही.

वाहक निघालेल्या मुलीचं लग्न मोडलं, असं ऐकायला येतं. हे निव्वळ अज्ञान. वाहक आणि वाहक नसलेला अशा जोडप्याची मुलं फार तर वाहक होतात, आजारी होत नाहीत. दोघंही वाहक असून लग्न झालेलं असेल, तरी वाट आहे. 11 ते 13 आठवड्यांत वारेचा तुकडा किंवा 16 आठवड्यांनंतर गर्भजल तपासून बाळाला आजार आहे का ते कळतं. 1994 च्या कायद्यानं बंदी आहे ती मुलगा-मुलगी सांगण्यावर. नोंदणीकृत केंद्रात आजाराचं निदान कायदेशीर आहे. फक्त त्यासाठी आईबापांमधला बिघाड नेमका कुठला हे आधी माहीत लागतं, आणि तिथंच आपली माणसं उशिरा पोचतात.

जनुकतज्ज्ञाकडे समुपदेशनाला, म्हणजे सल्ल्याला गेल्यावर पहिलं काम सुईचं नसतं, कागदाचं असतं. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, लग्नाला आडवी रेघ. नात्यातलं लग्न असेल तर दुहेरी रेघ. आजारी असेल त्याचा चौकोन भरायचा, गेलेल्यावर तिरकी रेघ मारायची. हा कागद घरीच करून नेला तर वेळ वाचतो. तो भरायला बसाल तर घरातल्या थोरल्या आत्याला शेजारी बसवा, कारण कुणाचं दुसरं बाळ कितव्या महिन्यात गेलं, कुणाच्या नणंदेचा मुलगा उशिरा चालायला लागला, हे तिलाच ठाऊक असतं. सीमेच्या अलीकडचे आणि पलीकडचे, दोन्ही पाहुणे त्यात आले पाहिजेत. कोल्हापूरच्या फायली आणि बेळगावच्या फायली, दोन्ही सोबत न्या.

आणि घरात आजारी मूल असेल तर तपासणी आधी त्याची, मग बाकीच्यांची. मूल पांढरं पडलंय आणि रक्त चढवायचं ठरलंय, अशा वेळी डॉक्टरांना एवढंच विचारा की आधी एचपीएलसीसाठी नमुना काढून ठेवला का. दुसऱ्याचं रक्त एकदा अंगात गेलं की पुढचे तीनेक महिने त्या तपासणीवर विसंबता येत नाही.